अळणी वरण

आमच्या घरी आजही कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ दाताखाली आली, तर बायको गॅसला बोल लावत नाही की वाण्याला. ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "विचारा आता तुमच्या बाईंना." मग मी मुकाट्याने तांब्या उचलतो आणि घोटभर पाणी जिभेवर घोळवून बघतो. ही खोड मला ऑफिसात लागली. इतरांना ऑफिसात पान-तंबाखूची लागते.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. कन्हानच्या खोऱ्यात जमिनी खारवट होत चालल्या होत्या. तलावाचं पाणी आलं, लोकांनी संत्र्याला ते हात सैल सोडून पाजलं, आणि काळ्या जमिनीच्या पोटातला खार वर आला. झाडांच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. मग सरकारनं शेतात जिप्सम टाकलं, पाणी निचरायला चर खणले. एवढं सगळं करून खार खरोखर हटला की नाही, हे तपासायचं काम मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या ऑफिसकडे होतं. मी तिथे ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवणारा. बाई मूल्यमापन अधिकारी. रसायनशास्त्रातल्या एम. एस्सी., आणि आमच्या जिल्ह्यात त्या हुद्द्यावर बसलेल्या मी बघितलेल्या पहिल्याच बाई.

उंच, हडकुळ्या, सुती पातळ घोट्यांच्या वर खोचलेलं, पायात कापडी बूट आणि हातात पुरुषी काळी छत्री. ही छत्री मी कधीही उघडलेली बघितली नाही. तिच्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं खुणा केल्या होत्या आणि चराची खोली त्या तिनंच मोजायच्या. पाऊस आला की त्या छत्री पदराखाली घेत आणि स्वतः भिजत. खुणा पुसल्या तर पुन्हा कोण काढणार, हे त्यांचं म्हणणं.

जीपमध्ये बाईंची एक कापडी पिशवी असायची. तिच्यात वातीचा स्टोव्ह, जर्मनचा लहानसा गंज म्हणजे पातेलं, आणि तुरीची डाळ; खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. कुठल्याही गावात शिरलं की सरपंचाकडे वगैरे जायचं नाही. दिसेल त्या पहिल्या बाईला हाक मारायची, "वरन शिजते काय वो माय?" समोरची गोंधळायची, हसायची, आणि मग जे सांगत सुटायची त्यात सगळ्या गावाच्या पाण्याची हकिकत येऊन जायची. पाण्यातला खार मोजायचं मीटरही बाईंकडे होतं, आणि त्याला त्या तळहाताच्या फोडासारखं जपत. पण म्हणत, "मीटर खोटं नाई बोलत. पन जिथी बुडवलं तिथलंच बोलते. चूल साऱ्या गावाचं सांगते."

स्वतः मात्र त्या मीठ खात नसत. जिभेनं पाणी चाखायचं तर जीभ कोरी पाहिजे, म्हणून भाजीत नाही, भाकरीत नाही, ताकातही नाही. दुपारी त्यांनी डबा उघडला की माझ्यासारख्या खाणाऱ्या माणसाला तिकडे बघवत नसे. एकदा शिष्टाचार म्हणून त्यांनी मला वांग्याची भाजी दिली. मी ती कशी गिळली ते माझं मलाच ठाऊक. त्यावर, "कशी झाली?" हा प्रश्न आलाच.

बाईंचं एक पालुपद होतं. "गेला कुठी?" कुठलीही गोष्ट नाहीशी झाली असं कोणी म्हटलं, की त्यांना ते सोसत नसे. एकदा शिपायानं त्यांचं टेबल झाडलं आणि म्हणाला, "कचरा साफ केला, बाई."

"साफ नाई केला. गेला कुठी?"

शिपाई इकडे-तिकडे बघायला लागला. बाई वाकल्या, छत्रीच्या टोकानं माझ्या टेबलाखाली दाखवलं. सगळी धूळ तिथे जमा झाली होती. "पाह्य. माह्या टेबलाचा खार यांच्या टेबलाखाली गेला. आता आपन रिपोर्ट लिहू का टेबल यशस्वी झाला म्हनून." त्या दिवसापासून शिपाई माझं टेबलही झाडायला लागला, हा मला झालेला फायदा.

त्या राहायच्या पांढुर्ण्याला, तिथल्याच एका बौद्ध वस्तीत वाढलेल्या. गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकायच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाची डोकी शेकत असताना या जाम नदीच्या काठी उभ्या. मी सावरगावहून येताना विचारलं, काय शोधताय? तर म्हणाल्या, "दरसाल इतके गोटे नदीत पडते, गेले कुठी?" मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

फक्त एका बाबतीत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. त्यांचा नवरा लग्नानंतर लवकरच घर सोडून गेला होता. नव्या आलेल्या हेडक्लार्कनं भोचकपणे चौकशी केली, तेव्हा म्हणाल्या, "तो काय खार आहे, कुठी गेला म्हनून शोधाले?" 

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतो आहे ती सांगतो.

रामाकोन्याच्या पुढे नाल्याकाठी एक गाव होतं. वरच्या अंगाला संत्र्याचे बगीचे, खालच्या अंगाला बौद्धवस्ती, आणि तिच्याही पुढे कापसाची शेतं ओलांडून नाला कन्हानला मिळायचा. या गावातलं काम म्हणजे आमच्या खात्याची शान होती. बगीच्यांत जिप्सम पडलं, चर खणले गेले, आणि मरायला टेकलेली झाडं पुन्हा हिरवीगार झाली. विहिरींचे नमुने गोड निघाले. मोठे साहेब येऊन योजना यशस्वी झाली म्हणून जाहीर करणार आणि काम संपवणार, एवढंच बाकी होतं. बाईंची सही त्याआधी हवी होती.

दिवाळीनंतर संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी चालू होती तेव्हा आम्ही तिथे गेलो. सगळ्यात मोठा बगीचा नानाजींचा. नानाजी म्हणजे मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशीचे, आणि जेवू घालण्यात कधी मागे न हटणारे. मला हा माणूस त्या शेवटच्या गुणामुळे फार आवडायचा. झाडाखाली पानं मांडली, वरण असं मऊ झालं होतं की भातात आपोआप जिरत होतं. तेवढ्यात बाईंनी तोडणीवरच्या एका बाईला हाक मारली. पंचफुला तिचं नाव, खालच्या वस्तीतली.

"तुमच्या घरी वरन शिजते काय वो माय?"

पंचफुला संत्री टोपलीत टाकता टाकता हसली. "वरन? आमी वरन सोडलंच जी, बाई. चूनच खातो आता. बेसन कशाबी पान्यात शिजते."

"काऊन सोडलं?"

"डाळ शिजतच नाई तं काय करता? अन् पानी असं खारं, का कालवनात मीठ बी टाकत नाई आमी. तेवढाच फायदा."

"पयले होतं असं?"

"नाई जी. हा चर खोदला तवापासून हाय."

बाईंनी आपला अळणी डबा बंद केला आणि त्या उठल्या. साहेब लोक ताटावरून उठले की ट्रेसरलाही उठावं लागतं. माझा दुसरा भात राहिला तो राहिलाच.

वस्तीची विहीर नाल्याला लागून होती. कठड्यावर दोर आणि बादली. पाणी किती खोल ते आवाजावरून अजमावायला बाईंनी नेहमीप्रमाणे वाकून विहिरीला हाक दिली, बादली ओढली, पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकल्या. मग मीटर बुडवलं. काटा असा पळाला, की मी मीटरच बिघडलं म्हणालो. बाईंनी कठड्याशी स्टोव्ह पेटवला. वस्तीतल्या बाया जमल्या. गंजात डाळ उकळत राहिली, उकळत राहिली, आणि दाणा काही फुटेना. इतकी वर्षं बाईंना जागोजागी "गेला कुठी?" विचारताना मी ऐकलं होतं. त्या दिवशी विचारायची गरज नव्हती, उत्तर समोर होतं. बगीच्याचा चर वस्तीच्या जरा वर नाल्यात सोडलेला होता. दिवाळीनंतर नाला आटायचा, चरातलं खारं पाणी तिथेच डबक्यात साचायचं आणि झिरपत झिरपत विहिरीत उतरायचं.

इतके दिवस हे कोणालाच कसं दिसलं नाही? तर नमुना घ्यायचा आमचा नियम असा, की मोटर चालू करून पाइपातलं पाणी घ्यायचं, कारण बादलीत वरवरचं पाणी येतं. नियम चुकीचा नव्हता. पण ज्या विहिरीला मोटर नाही ती विहीर आमच्या लेखी नव्हतीच. वस्तीला मोटर परवडत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, नमुने घेणाऱ्या आमच्या लोकांचे पाय तिकडे वळतच नसत. वस्तीला पाणी लागतं हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

बाईंनी हे सगळं वर लिहून पाठवलं. उत्तर आलं, विहिरीला मोटर नाही, नमुना ग्राह्य नाही. योजना यशस्वी की अयशस्वी एवढंच कळवा.

त्याच आठवड्यात नानाजी संत्र्यांची टोपली घेऊन ऑफिसात आले. नेहमीचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"बाई, तुमी फेल लिहून राहिल्या म्हनते. फेल लिहिलं का ते चर बुजवतीन. मंग माही झाडं मरते. लेकरावानी वाढवली जी."

"अन् पास लिहिलं तं सारे घरी जाते, अन् वस्ती जलमभर खारं पानी पिते," बाई म्हणाल्या.

नानाजींनी टोपली टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. पण स्वतःची झाडं आणि दुसऱ्याची विहीर यांत माणूस आधी कुठे बघतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"नानाजी, काम बुडालं नाई. अर्धं झालं," बाई म्हणाल्या. "चर नदीपावेतो न्यावं लागते. साहेब येतीन तवा तुमी पंगत देता न? तिथी दोन गंज चढवू. एकात तुमच्या विहिरीचं पानी, एकात वस्तीच्या."

"वस्तीच्या पान्याचं वरन? पंगतीत?"

 त्या प्रश्नाचा अर्थ ऑफिसात प्रत्येकाला कळत होता. समोर बसलेल्या बाईही अशाच वस्तीतल्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.  बाईंनी मात्र टोपलीतलं एक संत्रं उचललं, सोलायला घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमचंच पानी हाय, नानाजी. तुमच्याच बगीच्यातून निंघालं, तिकडे गेलं. घरचंच हाय, वापस आलं समजा."

 नानाजींच्या मिशा हलल्या आणि ऑफिसच्या काचा थरथरतील असे ते हसले. "चढवा गंज!"

पंगतीच्या दिवशी बगीच्यात चुलाण्यावर दोन मोठे गंज शेजारी शेजारी चढले. डाळ एका पोत्यातली, लाकडं एका ढिगातली, आचारीही एकच. मोठे साहेब जीपमधून उतरले, झाडांवरून हात फिरवला, खूश झाले. मी पोटात भूक आणि जिवात धाकधूक घेऊन चुलाण्याजवळ उभा. पहिला गंज वेळेवर उतरला. दुसरा उतरेना. आचारी लाकडं सारत होता आणि डाळीला, वाण्याला, वाण्याच्या खानदानाला शिव्या देत होता. भात निवाला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"भई, दाल में इतनी देर?"

"परोसती हूँ, साहब," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या गंजातला डाव भरून त्यांनी स्वतः साहेबांच्या पानात वाढला.

साहेबांनी घास तोंडात घातला. दाताखाली दाणा कटकन वाजला, तो मला चुलाण्यापाशी ऐकू आला. "ये तो कच्ची है!"

"जी साहब. सुबह से पक रही है." बाईंनी पहिल्या गंजातलं वरण वाढलं. "अब ये लीजिए. वही दाल है."

साहेबांनी ते खाल्लं. दोन्ही वरणांकडे बघितलं. माणूस हुशार होता, आणि त्यांना राग यायला लागला आहे हेही दिसत होतं. "इस कच्ची वाली में किस कुएँ का पानी था?"

"जिस कुएँ में मोटर नहीं है, उसका."

"और उसमें खार आया कहाँ से?"

बाई उत्तर द्यायला वळल्या, पण त्याआधी नानाजी पानावरून उभे राहिले. भर पंगतीत, उष्ट्या हातानं.

"माह्या बगीच्यातून, साहेब. तुमच्या चरानं माही झाडं वाचली, अन् तो खार गेला वस्तीच्या विहिरीत. चर बुजवू नका. पुढे न्या, नदीपावेतो. मधात माही कापसाची पऱ्हाटी हाय. तिच्यातून न्या. मी कागद करून देतो."

 पंचफुला आणि वस्तीतल्या बाया झाडांमागे उभ्या होत्या, त्या तशाच थिजल्या. मग साहेबांनी पाण्याचा पेला बाजूला सारला, हात पुसला आणि म्हणाले, "कुआँ दिखाइए."

बाई पुढे, हातात छत्री, मागे बूट घातलेले मोठे साहेब, त्यांच्या मागे नानाजी आणि अख्खी पंगत. वस्तीच्या विहिरीवर साहेबांनी स्वतः दोर ओढला, बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंड वाकडं केलं. तिथल्या तिथे म्हणाले, या विहिरीचा नमुना घ्या, बादलीनंच घ्या. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी तरी मानला. आम्ही परत पंगतीला आलो तेव्हा भात दगड झाला होता. मी इतक्या आनंदानं कधीच गारढोण भात खाल्ला नाही.

उन्हाळ्यात चर नानाजींच्या पऱ्हाटीतून पुढे गेला. नदीच्या तोंडाशी बाईंनी फळ्यांचं दार बसवून घेतलं. पाणी अडवून ठेवायचं आणि कन्हान दुथडी भरली की मगच सोडायचं. तरी त्यांना चैन पडेना. नदीत गेला म्हणजे कुठी गेला? म्हणून पूर ओसरल्यावर त्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं, बसनं, मिळेल त्या बैलगाडीनं खालची गावं फिरल्या. जिथे तिथे स्टोव्ह, गंज आणि डाळ. सगळीकडे शिजली. मग त्या झोपल्या असाव्यात.

वस्तीच्या विहिरीला मात्र एका पावसानं गुण आला नाही. लोक बाईंना टोमणे मारायला लागले. मीटरचा काटा उतरत होता, पण डाळ ऐकत नव्हती. पुढच्या वर्षी पोळा झाला, गोटमार झाली, आणि एक दिवस पंचफुला सौंसरच्या ऑफिसात आली. चालून घामाघूम झालेली.

"बाई, चला. वरन केलं हाय."

वस्तीत विहिरीजवळ आमची पानं मांडली होती. नानाजींनाही बोलावणं होतं. ते येऊन जरा घुटमळले. बसावं की उभ्याउभ्याच जावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. बाई पानावरूनच म्हणाल्या, "बसा जी. घरचंच पानी हाय." नानाजी मांडी घालून बसले.

पंचफुलानं वाढलं. पिवळंधमक, मऊ, भातावर पसरणारं वरण. बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता सवयीनं थुंकतात की काय. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. पंचफुलाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी नानाजींनी घास घेतला, चावला, आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "पंचफुले, मीठ टाकाचं भुलली काय? अळनी हाय वरन."

पंचफुलानं तोंडावर हात नेला. "अवं माय वो! मीठ टाकाची सवयच नाई उरली जी!"

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अळनी!" त्या ओरडल्या. "अळनी हाय! लिहा हो, लिहून घ्या!" असं मला सांगत सुटल्या. मी काय लिहिणार, माझा हात वरणात होता. वस्तीतल्या बाया हसायला लागल्या, काहींच्या डोळ्यांना पदर लागले, आणि मला तर समोरचं पान नीट दिसेना.

पंचफुला मिठाची वाटी घेऊन धावत आली. बाई खाली बसल्या, तिच्यापुढे त्यांनी हात केला. ज्यांनी माझ्या देखत मिठाचा कण कधी जिभेवर ठेवला नव्हता, त्यांनी चिमूटभर मीठ घेतलं, वरणावर भुरभुरलं, कालवलं आणि खायला लागल्या. मटामट, बोटं चाटत, माझ्यापेक्षाही वेगानं.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांची संधी होती. मी म्हटलं, "बाई, खार गेला कुठी?"

बाईंनी तोंडातला घास संपवला. पंचफुलाच्या हातातल्या वाटीकडे बोट केलं.

"हा काय. वाटीत."